फाटकावरचं पाचवं शील

उत्पला मुलींचे वसतिगृह,
पर्वती पायथा, पुणे
१८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय नंदाताई,

सविनय जयभीम.

मी चैताली बनसोडे. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि यंदा वसतिगृहाची विद्यार्थी प्रतिनिधी आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर आलेलं तुम्ही वाचत नाही, असं ऑफिसात कळलं, म्हणून पत्र लिहिते आहे. तुम्ही संस्थेच्या अध्यक्ष आहात आणि नियमांची वही तुमच्याच हातची आहे, त्यामुळे दुसऱ्या कोणाला लिहून उपयोग नव्हता.

शनिवारी, ९ तारखेला, आपल्याकडची शेफाली सरवदे वर्गातल्या एका मुलाच्या वाढदिवसाला गेली होती. तिथे ती बिअर प्यायली. हे मी लपवत नाही, कारण तीही लपवत नाही. साडेदहाला विक्रम नावाचा वर्गमित्र तिला स्कूटरवरून फाटकापर्यंत सोडायला आला. आपला अकरावा नियम तुम्हाला पाठच असेल: रात्री साडेनऊनंतर येणारीने फाटकात उभं राहून पंचशील म्हणायचं, अडखळली किंवा दारूचा वास आला तर त्या रात्री आत घ्यायचं नाही. शेफाली अडखळली. फाटकाच्या पाळीवरच्या मुलीने तिला आत घेतलं नाही.

मग विक्रम तिला कात्रजला आपल्या चुलतबहिणीकडे घेऊन निघाला. तोही प्यालेला होता. कात्रजच्या अलीकडे स्कूटर दुभाजकावर गेली. विक्रम खरचटण्यावर निभावला. शेफालीच्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत सळई घातली आहे. ती इंदापूरला घरी आहे.

माझी मागणी एकच आहे. अकरावा नियम बदला. आपली मुलगी कितीही वाजता आणि कशाही अवस्थेत आली तरी आधी फाटक उघडायचं, जे विचारायचं ते सकाळी. २२ डिसेंबरच्या बैठकीत हा विषय घ्यावा. त्यानंतर नऊ दिवसांनी एकतीस तारीख आहे, आणि त्या रात्री पुण्यात काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

आपली,
चैताली बनसोडे

*

कात्रज,
२२ नोव्हेंबर २०२४

चि. चैताली,

जयभीम. पत्र मिळालं. अक्षर सुरेख आहे, हल्ली असं दिसत नाही. मजकुराबद्दल तसं म्हणवत नाही.

शेफालीच्या पायाचं वाईट वाटलं. तिच्या वडिलांना मी लिहीन. पण तिने प्यावं असं नियमात कुठे लिहिलं होतं, ते मला सापडलं नाही.

वसतिगृह सुरू केलं तेव्हा मुली सहा होत्या. त्या सहा मिळवायला मी दोन उन्हाळे एस.टी.ने गावोगाव हिंडले. प्रत्येक बाप एकच विचारायचा, पुण्यात पोरीकडे बघणार कोण? मी नियमांची वही पुढे करायचे. एका गृहस्थांना वाचता येत नव्हतं. त्यांनी अकरावा नियम माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि तिथल्या तिथे मुलीची ट्रंक भरायला सांगितली. ती मुलगी आज न्यायाधीश आहे.

आपल्या वस्त्यांमधली किती घरं दारूने बसली ते तुझ्या पिढीने ऐकलं आहे, मी पाहिलं आहे. आपण दारू न पिण्याचं पाचवं शील घेतलं ते हौसेने नाही. तू म्हणतेस फाटक उघडा. गावात एवढंच पोहोचेल की तिथे पिऊन गेलं तरी चालतं. ‘विचारायचं ते सकाळी’ हे पुढचं वाक्य एस.टी.तच राहील. आणि मग चाळीस बाप चाळीस मुलींना घरी बोलावतील. एका मुलीचा पाय मोडला, तो सांधला जाईल. घरी गेलेली मुलगी परत येत नाही.

पिणारीच्या परतीची सोय संस्थेने करायची म्हणतेस. उद्या चकण्याचंही बघावं लागेल.

विषय घेणार नाही.

नंदा रणपिसे

*

वसतिगृह,
२६ नोव्हेंबर २०२४

आदरणीय नंदाताई,

जयभीम. तुमचं पत्र तीनदा वाचलं. राग आला आणि त्या सहा मुलींबद्दल वाचून अभिमानही वाटला. मागणी मागे घेत नाही.

तुमच्या नियमाने नक्की कोण बाहेर राहतं ते सांगते. त्याच रात्री, शेफालीच्या आधी अर्धा तास, दोन मुली आल्या. नावं सांगणार नाही. शेफालीपेक्षा जास्त प्यायल्या होत्या. बडीशेप चघळून आल्या, पाचही शीलं घडाघडा म्हणाल्या आणि वर जाऊन झोपल्या. त्यांची तालीम झालेली असते. वरच्या मजल्यावर मुली नव्या मुलींना ती शिकवतात, दात घट्ट ठेवून कसं म्हणायचं, श्वास कुठे घ्यायचा. आपल्या वसतिगृहात पंचशील सगळ्यात जास्त पाठ होतं ते यासाठी.

शेफालीने चार शीलं नीट म्हटली. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. चौथं खोटं न बोलण्याचं. ते म्हणून झाल्यावर ती थांबली, फाटकाचा गज धरला आणि म्हणाली, "पुढचं आज मला म्हणता येणार नाही. उद्या म्हणते." म्हणजे चौथं पाळलं म्हणून ती बाहेर राहिली. ज्यांनी चौथं मोडलं त्या आत गेल्या. ही परीक्षा कशाची आहे, ताई?

मी मुलींशी बोलले. गेल्या दोन वर्षांत सात जणी अशा रात्री वसतिगृहाकडे फिरकल्याच नाहीत, कारण आत घेणार नाहीत हे ठाऊक होतं. त्यातल्या एकीने स्वतः घोटभरही घेतली नव्हती. मैत्रीण प्यालेली होती आणि तिला एकटं सोडवेना. दोघी स्वारगेटच्या स्टँडवर बॅगा मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत बसल्या, साताऱ्याच्या गाडीची वाट पाहत असल्यासारख्या. दर तासाला जागा बदलायच्या, म्हणजे कुणाच्या लक्षात येऊ नये. हे सांगताना ती हसत होती. मला हसू आलं नाही.

पहारेकरी धोंडिबा त्या रात्री फाटकावर होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "ताई, किल्ली माझ्याकडं हाय, पर हुकूम वहीत हाय. म्या काय करू?"

पाचवं शील राखायला आपण पहिलं पणाला लावतो आहोत, असं मला वाटतं. पहिलं जीव राखण्याचं आहे. क्रम काही उगाच लावलेला नसेल.

आपली,
चैताली

*

कात्रज,
१ डिसेंबर २०२४

चि. चैताली,

शेफालीने गज धरला, ती काय बोलली, एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. इतकं बारीक तुला कसं ठाऊक, असा प्रश्न पडला. मी नातवाला पाठवून फाटकाचं रजिस्टर मागवून घेतलं. ९ नोव्हेंबरच्या पानावर "प्रवेश नाकारला" असं लिहून खाली सही आहे. अक्षर सुरेख आहे.

"पाळीवरची मुलगी" असं तू लिहिलंस. चौथ्या शीलावर मला धडा देणारीने निदान तेवढं तरी सरळ लिहायचं होतं. तुझ्या मनाला टोचणी लागली आहे आणि ती घालवायला तुला माझा नियम मोडायचा आहे. तू नियम पाळलास, त्यात तुझी चूक नाही. आता त्यावर नवा नियम उभारू नकोस.

दार उघडण्याचं मला शिकवू नकोस. माझे वडील मंडईत हमाल होते. दिवसभर पाठीवर पोती, संध्याकाळी गुत्ता. मंगळवार पेठेतल्या आमच्या खोलीचं दार आई रोज उघडायची. किती वाजले, कसे आले, काही विचारायची नाही. पाय धुवायची, कुशीवर निजवायची, उशाला पाणी ठेवायची. मी आणि माझा भाऊ गोधडीखाली जागे असायचो. मला वडिलांपेक्षा आईचा राग यायचा. वाटायचं, ही एक दिवस कडी घालेल तर हा माणूस सुधारेल. ती उघडते म्हणून तो पितो. शाळेत मास्तरीण झाले, नोकरी केली, निवृत्त झाले, तरी माझं हे मत बदललेलं नाही.

कडी घालणारं कोणीतरी लागतं. आपल्या लोकांत ते फार उशिरा आलं.

हा पत्रव्यवहार इथे थांबवावा.

नंदा रणपिसे

*

वसतिगृह,
८ डिसेंबर २०२४

आदरणीय नंदाताई,

जयभीम.

ती पाळी माझी होती. पहिल्या पत्रात लिहिण्याची हिंमत झाली नाही, आणि वाटलं की लिहिलं तर तुम्ही मागणी न वाचता मलाच वाचत बसाल. तेही झालंच. आता सगळं लिहिते.

शेफाली माझ्याच खोलीत राहते. तिने पाचवं म्हणायला नकार दिला तेव्हा मी म्हटलं, "म्हण ना, कोण ऐकतंय." म्हणजे मी तिला खोटं बोलायला सांगितलं. ती म्हणाली, "तू ऐकतेयस." मग मला तिचा राग आला. सोमवारी माझं प्रॅक्टिकल होतं, थंडी होती, विक्रम पलीकडे हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, मग राहा बाहेर, नियम आहे. रजिस्टरवर सही केली आणि वर जाऊन झोपले. मला झोप लागली, ताई. पहाटे चार वाजता फोन आला तेव्हा मी गाढ झोपेत होते.

टोचणी आहेच. ती जाऊ नये असं वाटतं. पण टोचणी लागलेल्या माणसाचं म्हणणं खोटंच असतं असं थोडंच आहे?

काल इंदापूरला जाऊन आले. शेफाली पलंगावर पुस्तक घेऊन बसली होती. माझ्यावर रागावलेली नाही, ते मला जास्त जड गेलं. तिचे वडील मात्र ओट्यावरून आत आले नाहीत. तुम्हाला चाळीस बापांची काळजी आहे, म्हणून एका बापाचं म्हणणं जसंच्या तसं लिहिते. ते म्हणाले, "प्याली त्याबद्दल मी तिला बोललो, आनि आजून बोलंन. पर तुमी तिला दारातनं घालवली. म्या तुमच्या भरवशावर धाडली व्हती. माझ्या दारातनं रातच्याला कुत्रंबी मी हाकलत न्हाई. आता पुरं. पाय नीट झाला की स्थळ बघायचं."

ते मुलीला परत पाठवत नाहीत ते दारूमुळे नव्हे. आपण फाटक उघडलं नाही म्हणून पाठवत नाहीत.

तुमच्या आईबद्दल वाचलं. तुम्ही गोष्ट मध्येच सोडलीत. तुमचे वडील पुढे कुठे आणि कसे गेले? आगाऊपणा वाटला तर माफ करा, पण उत्तर द्या.

आणि एक. आजपासून मी फाटकाची पाळी करीन, पण कोणाला पंचशील म्हणायला लावणार नाही आणि कोणालाही परत पाठवणार नाही. रेक्टर मॅडमना तसं लेखी दिलं आहे. मला वसतिगृहातून काढायचं असेल तर काढा. मी सामान घेऊन बाहेर पडेन, आणि नवी प्रतिनिधी निवडली गेली की तीही हेच पत्र तुम्हाला लिहील. आम्ही तसं ठरवलं आहे. तिचं अक्षर माझ्याएवढं चांगलं नाही.

आपली,
चैताली

*

कात्रज,
१७ डिसेंबर २०२४

चि. चैताली,

नऊ दिवस उत्तर दिलं नाही. लिहीत होते आणि फाडत होते.

माझे वडील १९८८ साली वारले. घरात, अंथरुणावर, दुपारचं जेवून. दारू सुटून त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. मी एकवीस वर्षांची असताना एके दिवशी ते मंडईतून सरळ घरी आले, दुसऱ्या दिवशीही सरळ घरी आले, आणि मग येतच राहिले. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आईने विचारलंही नाही. वसतिगृह सुरू झालं तेव्हा पहिल्या सहा मुलींच्या ट्रंका त्यांनी पाठीवरून दुसऱ्या मजल्यावर नेल्या. कोणाला हात लावू दिला नाही. म्हणाले, हे माझं काम आहे.

हे सगळं मला ठाऊक होतं. तू विचारेपर्यंत मी ते एकाशेजारी एक ठेवून पाहिलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी तुला सांगितली नाही. आमच्याच गल्लीत कचरूमामा होते, वडिलांबरोबर हमाली करायचे, पिणंही बरोबरच. त्यांच्या बायकोने कडी घालायला सुरुवात केली. सगळी गल्ली तिला खमकी म्हणायची. मी तर तिच्यावर जीव टाकायचे, आमच्या आईने तिच्याकडून शिकावं असं म्हणायचे. कचरूमामा जानेवारीत एका सकाळी नागझरी नाल्याच्या कडेला सापडले. थंडीने गेले असं डॉक्टर म्हणाले. गल्लीत कोणी त्या बाईला दोष दिला नाही, आणि मीही देत नाही. तिचे हाल तिलाच ठाऊक. पण नियम लिहायला बसले तेव्हा माझ्यापुढे ती बाई होती. कचरूमामा नव्हते. तेही असायला हवे होते.

परवा शेफाली पडली त्या दुभाजकापर्यंत चालत गेले. माझ्या घरापासून सतरा मिनिटं लागली, तीही माझ्या पायांनी. त्या रात्री मी घरी होते. मला ऐकू येत नाही म्हणून गाढ झोपलेही असेन, तुझ्यासारखी.

विषय बैठकीत घेते. फार आशा धरू नकोस. सात जण आहेत. अनिरुद्ध साळवे, आपले निवृत्त तहसीलदार, आताच तयारीला लागले आहेत. त्यांचं म्हणणं, एक जानेवारीला पहाटे पाचला वसतिगृहाची बस कोरेगावला विजयस्तंभाच्या अभिवादनाला जाते. आदल्या रात्री पिऊन आलेल्या मुली त्या बसमध्ये बसणार का? प्रश्न साधा नाही.

माझा मसुदा असा: फाटक उघडावे, आणि पालकांना त्याच रात्री फोन करावा. यात तडजोड होणार नाही.

हे मी तुझ्यासाठी करत नाही. तुझा स्वभाव मला आवडलेला नाही. मला माझा तरी कुठे आवडतो.

नंदा रणपिसे

*

वसतिगृह,
१९ डिसेंबर २०२४

आदरणीय नंदाताई,

हे पत्र पोस्टाने वेळेत पोहोचणार नाही, म्हणून धोंडिबांच्या मुलाच्या रिक्षाने पाठवते आहे.

त्याच रात्री घरी फोन जाणार असेल तर कोणी येणारच नाही. फाटक उघडं असलं काय आणि बंद असलं काय, मुली परत स्वारगेटला जाऊन बसतील. कृपा करून ते कलम काढा. घरी कळवायला माझी ना नाही. पण मध्यरात्री, झोपेतून उठवून, अर्धवट माहितीवर नको. शेफालीच्या आईने तो फोन घेतला होता. ती अजून रात्री फोन उशाशी घेऊन जागी असते.

दोन गोष्टी मात्र मसुद्यात घाला. मुलगी शुद्धीवर नसेल, हलवून उठत नसेल, तर तिला खोलीत नेऊन निजवायचं नाही, सरळ दवाखान्यात न्यायचं. झोपेल आणि उतरेल असं समजून आम्ही गेल्या वर्षी एकीला तसंच ठेवलं होतं. ती वाचली ते नशीब. आणि जी शुद्धीवर आहे तिलाही एकटं ठेवायचं नाही. तुमच्या आईला हे कळत होतं, ती कुशीवर निजवायची.

दुसरं, सोडायला आलेल्या मुलाचं काय? तो प्यालेला असेल तर आपली मुलगी आत आणि तो परत रस्त्यावर, असं होईल. धोंडिबांना विचारलं. ते म्हणाले, "गाडीची किल्ली मी काढून घेतो. पोरगं माझ्या बाकड्यावर झोपंल. सकाळी चहा पिऊन जाईल. म्हातारा मानूस हाय, माझ्याशी कोन भांडतंय?"

अनिरुद्धकाकांना माझा निरोप द्या. त्या बसमध्ये कोणी बसायचं हे ठरवण्याआधी, बसायला कोण उरलं आहे ते पाहिलं पाहिजे.

चैताली

*

कात्रज,
२३ डिसेंबर २०२४

चि. चैताली,

बैठक सव्वातीन तास चालली. मला फारसं ऐकू आलं नाही, त्यामुळे मला पटवणं कोणाला जमलं नाही.

साळवे म्हणाले, ताईंचं वय झालं. मी म्हटलं, हो, म्हणून घाईत आहे. मग मी शेफालीच्या वडिलांचं म्हणणं तुझ्या पत्रातून वाचून दाखवलं, जसं आहे तसं. पाठोपाठ तुझा बसचा निरोप वाचला. साळवे यांनी तुझा निरोप दुसऱ्यांदा वाचायला सांगितला. मतं चार विरुद्ध तीन. साळवे चारांत होते. माणसाबद्दल आधीच मत करून ठेवू नये, हे मी या वयात शिकते आहे.

नवा अकरावा नियम:

"रात्री कितीही वाजता आणि कोणत्याही अवस्थेत आलेल्या आपल्या मुलीस फाटक उघडावे. ती शुद्धीवर नसल्यास तात्काळ दवाखान्यात न्यावे. शुद्धीवर असल्यास तिला एकटे ठेवू नये. सोबत आलेला प्यालेला असल्यास त्याच्या वाहनाची किल्ली पहारेकऱ्याने सकाळपर्यंत ठेवून घ्यावी. जाब सकाळी विचारावा, आणि तो विचारला जाईल."

फोनचं कलम काढलं. त्याऐवजी असं ठरलं: पहिल्या वेळी घरी कळवायचं नाही, मुलीने येत्या रविवारी माझ्याकडे कात्रजला यायचं. मला ऐकू येत नसल्याने तिला जे सांगायचं ते सगळं लिहून द्यावं लागेल. कागद मी देईन. दुसऱ्या वेळी पालकांना पत्र जाईल, तेही मीच लिहीन.

फाटकावर पंचशील म्हणायचं नाही. शील हे आपण आपलं घ्यायचं असतं. ते पहारेकऱ्याला द्यायचं तिकीट नव्हे. हे मला ठाऊक असायला हवं होतं.

कळवावं वाटलं म्हणून कळवते. दारू वाईटच आहे, हे माझं मत कायम आहे. मुलींना तेही वाचून दाखव.

नंदा रणपिसे

*

वसतिगृह,
१ जानेवारी २०२५

आदरणीय नंदाताई,

जयभीम. कोरेगावला गर्दीत तुम्हाला शोधलं, सापडला नाहीत. आता दुपारचे तीन वाजले आहेत, मुली झोपल्या आहेत. मला झोप येत नाही, म्हणून लगेच लिहिते.

काल फाटकाची पाळी मीच घेतली. धोंडिबांनी कानटोपी घालून बाकडं बाहेर काढलं. बहुतेक मुली पहाटेच्या बससाठी लवकर झोपल्या होत्या. नऊ जणी बाहेर होत्या. साडेबारापर्यंत सहा आल्या, एकीलाही काही विचारलं नाही. त्यांनाच चमत्कारिक वाटत होतं, फाटकातून आत येऊन दोन मिनिटं उभ्याच राहायच्या.

एक वाजून दहा मिनिटांनी आपल्याकडची राधा आणि तिची एक मैत्रीण दीपालीला धरून घेऊन आल्या. दीपाली पहिल्या वर्षाची आहे, अठरा वर्षांची. पाय जागेवर पडत नव्हते पण शुद्धीवर होती. फाटक दिसल्याबरोबर तिने राधाचा हात सोडवला, हात जोडले आणि पहिलं शील म्हणायला लागली. नियम बदलल्याचं तिला सांगितलं होतं, पण त्या वेळी तिच्या डोक्यात काही नव्हतं, भीती तेवढी होती. दुसऱ्यावर अडली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा अडली आणि रडायला लागली. धोंडिबाच उठले आणि सगळं फाटक उघडून म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. आधी आत ये."

तिघींना सोडायला दोन मुलं आली होती, त्यांतल्या एकाने किल्ली गुपचूप दिली. दुसरा कायदा सांगायला लागला. धोंडिबांनी त्याला सगळा कायदा सांगू दिला आणि मग किल्ली घेतली. दोघेही बाकड्याशेजारी सतरंजीवर झोपले.

दीपालीजवळ मी आणि राधा आळीपाळीने बसलो. कुशीवर निजवली. तीनला उलटी झाली, पाणी प्यायली. रविवारी ती तुमच्याकडे येईल. फार घाबरली आहे, कृपा करून चहा द्या.

पहाटे पाचला बस आली. दीपाली येणार नाही असं धरलं होतं. ती आंघोळ करून, पांढरा ड्रेस घालून खाली उतरली, चेहरा पिठासारखा. साळवेकाका बसच्या दारात उभे होते. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि खिडकीजवळची जागा दिली, वारा लागेल म्हणून.

मग मी मुली मोजल्या. एकेचाळीस. पुन्हा मोजल्या, एकेचाळीसच. साळवेकाका म्हणाले, पटावर बेचाळीस आहेत, कोण राहिलं? मी म्हटलं, शेफाली. ते म्हणाले, हो, हो, आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं.

रस्ताभर तेच डोक्यात होतं. जिच्यामुळे फाटक उघडलं तिच्यासाठीच ते उघडून उपयोग झाला नाही. तिचा आज सकाळी निरोप आला. अकलूजचं एक स्थळ येत्या बुधवारी बघायला येतं आहे. पाय अजून टेकवत नाही, पण ते लोक म्हणाले, बसून दाखवली तरी चालेल.

मला काय करावं ते सुचत नाही. तुम्हाला लिहून ठेवते.

चैताली

*

कात्रज,
३ जानेवारी २०२५

चि. चैताली,

पत्र वाचलं. सुचत नाही म्हणतेस, हे तुझ्याकडून पहिल्यांदाच ऐकते आहे.

दीपालीला रविवारी येऊ नकोस म्हणून सांग. सोमवारी यावं. चहा मिळेल. रविवारी मी घरी नाही.

शेफालीच्या वडिलांना मी नोव्हेंबरात पत्र लिहिलं होतं. त्यात नियम का आवश्यक आहे ते समजावून सांगितलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही, ते योग्यच केलं. तसलं दुसरं पत्र मी लिहिणार नाही. सहा मुलींसाठी दोन उन्हाळे हिंडले होते, बेचाळिसावीसाठी एक रविवार जायला हरकत नाही.

नव्या नियमाचा कागद मी घेते. तू तिची पुस्तकं आणि प्रॅक्टिकलच्या वह्या घे. तिच्या पायाला पायऱ्या चढता येणार नाहीत, तेव्हा तळमजल्यावरची ऑफिसची खोली रिकामी करायला रेक्टर मॅडमना आजच लिहिलं आहे. कॉट तिथे रविवारच्या आत लागली पाहिजे. ते तू बघ.

त्यांच्यापुढे बोलायचं मी. माफी मागायची तीही आधी मी, कारण नियम माझा होता. तू नंतर माग. ते मोठ्याने बोलले तर बरंच होईल, मला थोडंफार ऐकू येईल.

स्वारगेटहून सकाळी सहाची इंदापूर गाडी आहे. पावणेसहाला तिथे ये. त्यांनी दार उघडलं नाही तर ओट्यावर बसू. उघडेपर्यंत बसू. मला सोमवारपर्यंत दुसरं काही काम नाही.

नंदा रणपिसे